ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटर: पातळ द्रवांसाठी उत्तम, पण तापमान सांभाळा

श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, मोजायला शिकायचं असेल तर काचेच्या ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरइतकं स्वच्छ साधन दुसरं नाही. एका बाजूला दोन खुणांमधला छोटा फुगा, त्याखाली केशनलिका, दुसऱ्या बाजूला मोठा फुगा. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत द्रव उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, मग पाण्याशी तुलना. मात्र तुलना वेळ गुणिले घनता अशी करायची, त्यामुळे घनतेची बाटली सोबत हवीच. नुसत्या वेळांचं गुणोत्तर म्हणजे कायनेमॅटिक श्यानतेचं (श्यानता भागिले घनता) गुणोत्तर. प्रयोगवहीत ही गल्लत सर्रास होते.

घेताना केशनलिकेचा आकार आधी विचारा. पाण्याला निदान 200 सेकंद लागायला हवेत. भोक मोठं असेल तर द्रव वेगाने उतरतो, दाबाचा काही भाग त्या वेगातच खर्च होतो, आणि साध्या सूत्रात तो धरलेला नसतो. पण हीच नळी पाण्याच्या 50 पट कायनेमॅटिक श्यानतेच्या तेलाला पावणेतीन तास घेईल! ग्लिसरीनसारख्या घट्ट द्रवाला रुंद नळी किंवा पडत्या गोळीचं उपकरण घ्यावं. रंग, स्टार्चची पेज यांना हे चालतच नाही, कारण त्यांची श्यानता प्रवाहाच्या वेगाबरोबर बदलते.

खरी परीक्षा तापमानाची. पाण्याची श्यानता 20 अंश सेल्सिअसला 1.002 मिलिपास्कल-सेकंद, 25 अंशांना 0.890, म्हणजे 5 अंशांत 11 टक्के घट. म्हणून नळी वरच्या खुणेच्याही वर पाणी येईल इतकी टबात बुडवा, निदान 10 मिनिटं थांबा, मगच स्टॉपवॉच हातात घ्या. द्रव दर वेळी त्याच पिपेटने तेवढाच भरा. जास्त भरला की दोन पातळ्यांमधलं अंतर कमी होतं आणि वेळ वाढतो. हा या रचनेचा खरा दोष आहे. उबेलोडे या दुसऱ्या प्रकारच्या व्हिस्कोमीटरमध्ये तो नाही.

केशनलिकेची त्रिज्या प्रवाहात चौथ्या घातात येते. आतल्या थराने ती 1 टक्का घटली तर प्रवाह सुमारे 4 टक्के कमी. प्रत्येक द्रवानंतर योग्य द्रावकाने, शेवटी अ‍ॅसिटोनने धुऊन गाळलेल्या हवेने वाळवा. बुडबुडा दिसला की ते वाचन टाकूनच द्या. नळी ओळंब्यात उभी हवी.

रबरी नळी लावताना दोन्ही बाजू एकत्र मुठीत धरू नका; त्यांना जोडणारा खालचा वाक तुटतो. जिच्यावर नळी चढवायची तीच बाजू धरा, आणि द्रव तोंडाने नव्हे, रबरी फुग्याने ओढा.