चेतकला इंडिकेटर बसवायला गेलो आणि २,८०० रुपये घालवले

वडिलांची १९८४ची चेतक स्कूटर मी अजून चालवतो. तिला बॅटरी नाहीच, दिवा-हॉर्न सगळं मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरतं तेव्हा तयार होणाऱ्या विजेवर. पण पुण्यात सिंहगड रस्त्यावर हात दाखवून वळलं तर मागचा बघतसुद्धा नाही, म्हणून इंडिकेटर बसवायचं ठरवलं.

नाना पेठेतल्या एका दुकानात १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) ‘नवी कोरी’ सीलबंद बॅटरी १,८५० ला घेतली. चार्जिंग किट ६५०, फिटिंग ३००. “पक्कं बिल हवं तर जीएसटी वर पडेल,” म्हणाला आणि मी कच्च्या चिठ्ठीवर गप्प बसलो. तुम्ही बसू नका.

बॅटरीवरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. खाली निळा रंग दिसत होता. मी बोटाने दाबून पाहिला, विचारलंही. “उन्हाने सुटतं हो काका.” बस्स! टर्मिनलवर कानस मारल्याच्या रेघा होत्या, त्याही दिसल्या होत्या. तिथेच पैसे खिशात ठेवून निघायला हवं होतं. पण त्याने मल्टिमीटर लावून १२.७ दाखवले. मी अडाणी नाही, पंचवीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, १२.७ म्हणजे फुल चार्ज, एवढं कळतं. नुसता व्होल्टेज बघून बॅटरी कळत नाही, दुकानातच बल्ब लावून दहा मिनिटं थांबायचं, हे मात्र मला नंतर सुचलं.

चौथ्या दिवशी राजाराम पुलाजवळ इंडिकेटर मंद पेटला आणि फडफडायचा थांबला. मागून पीएमपीची बस येत होती.

बॅटरी बाहेर चार्ज करून आणली आणि घरी १० वॅटचे दोन बल्ब लावले. पावणेदोन अँपिअरच्या आत लोड. चांगली ७ एएच तीन तास तरी ओढते. ही अकरा मिनिटांत बसली. स्टिकर सोलला तर खाली यूपीएसच्या बॅटरीचं लेबल! वरची पट्टी उचकटून, पाणी भरून परत चिकटवलेली. किटमध्ये एकच डायोड, चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर नाहीच.

दुकानदार म्हणाला, तुमच्याच वायरिंगने गेली. चौकीत तीन खेपा घातल्या. आधी “साहेब राउंडला गेलेत”. मग “ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा”. अहो, समोर उभं राहून रोख मोजून दिलेत! तिसऱ्यांदा “हे दिवाणी आहे, बिल कुठंय?” अर्ज घेतला नाही, प्रतीवर शिक्का द्यायलाही नकार. साठीच्या माणसाला बाकावर दीड-दीड तास बसवून ठेवायचं आणि त्यालाच विचारायचं, बिल का नाही घेतलं? मग चोर मोकळाच राहणार.

किकच्या स्कूटरला ७ एएच लागतच नाही. एलईडी इंडिकेटर, तो लुकलुकवणारा एलईडीचाच फ्लॅशर आणि अडीच एएचची बॅटरी पुरते. ती काढून घरी चार्जरवर लावता येते. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना वाचा, खोडलेला असेल तर घेऊ नका. चिठ्ठी, सोललेलं स्टिकर आणि बॅटरी मी जपून ठेवली आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवतो आहे.