शिबिरातला गुडघा आणि घरचा गुडघा

कापसाचा चुकारा हाती आला की गावात भोंग्याचा ऑटो फिरतो: गुडघेदुखीची मोफत तपासणी, लेझरने ऑपरेशन टाळा. समाजमंदिरात दोन टेबलं, एक पांढरा कोट, आणि निंदण-वेचणी करून गुडघे धरलेल्या बाया रांगेत. दिवस मावळेपर्यंत चार-सहा घरांत मशीन गेलेलं असतं, १४-१५ हजारांना. दोन हजार आधी, उरलेले हप्त्याने. तसंच मशीन नागपूरच्या सर्जिकल दुकानात दीड ते तीन हजारांत मिळतं.

मेख अशी की मशीन खोटं नसतं. ते टेन्स असतं, म्हणजे कातडीवरून विजेचे हलके ठोके देणारं यंत्र. गुडघ्याभोवती पॅड चिकटवायचे, सेकंदाला ८० ते १०० ठोके, सोसवेल इतक्या मुंग्या. मुंग्यांची जाणीव मज्जारज्जूत दुखण्याची वाट अडवते. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेली हीच ती 'गेट', म्हणजे फाटकाची, कल्पना. वीस मिनिटांनी आजी उठते, समाजमंदिराची पायरी चढून दाखवते. मग पांढरा कोट म्हणतो, "पाहा माय, गादी भरून येऊन राह्यली!" गादी, म्हणजे गुडघ्यातल्या हाडांमधली कूर्चा, तसूभरही भरलेली नसते. पॅड निघाले की असर उतरू लागतो, आणि रात्री बाजेवरून उठताना गुडघा पुन्हा बोलतो. तोवर ऑटो पुढच्या गावी.

लेझरचा प्रकार याहून सोपा. लेझरचा डोस ज्यूलमध्ये मोजतात: वॅट गुणिले सेकंद. गुडघ्याच्या ज्या चाचण्यांत आराम दिसला, त्यांत ७८५ ते ८६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरने दर बिंदूला ४ ते ८ ज्यूल दिले होते. १०० मिलीवॅटचं यंत्र एका जागी ६० सेकंद धरलं तर ६ ज्यूल होतात. शिबिरातला लाल दिवा ५ मिलीवॅटचा असला, तर तेवढ्याच डोसाला एका बिंदूवर २० मिनिटं लागतील. तिथे तो लुगड्यावरूनच इस्त्री फिरवल्यासारखा अर्धा मिनिट फिरतो. शिवाय चाचण्यांतल्या त्या तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. लालभडक उजेड बहुतेक दाखवायलाच असतो. खरं यंत्र वापरणारा स्वतः चष्मा घालतो आणि तुम्हालाही देतो.

डोस बरोबर असला तरी मिळतो तो थोड्या दिवसांचा आराम, तोही सगळ्यांना नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात पुरेशा पुराव्याअभावी गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स आणि लेझर देऊ नका, असंच सांगितलं आहे.

सगळ्यात चलाख युक्ती एक्स-रेची. 'आधी'चा फोटो उभं राहून काढलेला, 'नंतर'चा झोपून. उभ्या फोटोत अंगाच्या भाराने दोन हाडांमधली फट दबते, झोपल्यावर ती मोकळी दिसते. लोकांना वाटतं, गादी आली. दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात शेजारी धरा आणि हाडाच्या कडेला वाढलेली टोकं बघा. ती जशीच्या तशी असतात.

नुकसान फक्त पैशाचं नाही. एकच पॅड तीस जणांना लावून त्याचा चिकटपणा जातो, कडा उचलतात, सगळा करंट उरलेल्या इवल्याशा जागेत एकवटतो आणि कातडी भाजते. शुगरवाल्याचा पाय बधिर असला तर त्याला ते कळतही नाही. म्हणून आधी गार आणि कोमट पाण्यातला फरक त्याच जागी कळतो का ते बघायचं. पेसमेकर असलेल्याला टेन्स लावायचं नाही. गरोदर बाई, एका पायाला अचानक सूज आलेला माणूस किंवा त्या जागी कॅन्सरची गाठ असलेला माणूस शिबिरात बसवूच नये. मशीनसोबत पुडीत बिननावाची पावडर दिली तर खाऊ नका. अशा पावडरींत कधी कधी स्टेरॉइड निघतं. खाणं सुरू झालंच असेल तर एकदम तोडू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

मशीन घ्यायचंच असेल तर खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता आणि लायसन्स नंबर वाचा, पक्कं बिल मागा. फिजिओथेरपिस्ट म्हणवणाऱ्याला राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा असेल तर तो रागावत नाही. पैसे अडकले असतील तर बिल, खोक्याचा फोटो आणि फोन नंबर जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

गुडघ्याला बळ लागतं ते मांडीच्या स्नायूचं. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच सेकंद धरा, सोडा. दहादा, दिवसातून तीन वेळा. सहा ते आठ आठवडे नेटाने केलं की फरक जाणवू लागतो. वजन जास्त असेल तर ते उतरवा, आणि निंदताना उकिडवं बसण्याऐवजी बुटका पाट किंवा लांब दांड्याचं अवजार घ्या. सरकारी जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या, सावंगीच्या मेडिकल कॉलेजातही आहे. तिथे टेन्स लावलंच तर ते व्यायाम करता यावा म्हणून लावतात.