जुन्या गाडीला लांब ऑइल फिल्टर – घ्यावा का?

जुन्या कार्ब्युरेटर इंजिनाला छोट्याऐवजी लांब डब्याचा स्पिन-ऑन (फिरवून बसवायचा) ऑइल फिल्टर लावलाय, एकूण खूश आहे. पण आधीच सांगतो, याने ऑइल प्रेशर वाढेल म्हणून घेत असाल तर राहू द्या, प्रेशर ठरतं ते पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) आणि बेअरिंगच्या क्लिअरन्सवर (फटीवर), डबा कितीही मोठा असो. फायदा वेगळाच आहे, आत कागद जास्त म्हणजे कचरा धरायला जागा जास्त, फिल्टर उशिरा चोक होतो आणि थंडीत ऑइल घट्ट असताना बायपास (ऑइल न गाळताच पुढे सोडणारा व्हॉल्व्ह) कमी वेळा उघडतो, नाहीतर न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगला जातं ना! ऑइल पण थोडं जास्त बसतं, डिपस्टिक बघूनच भरा.

त्रास एकच, डबा मोठा म्हणून भरायला वेळ लागतो, बदलल्यावर पहिल्या स्टार्टला प्रेशरचा दिवा जरा उशिरा विझतो. उभा, तोंड वर करून बसत असेल तर आधी ऑइल भरून लावा. आडवा असेल तर अँटी ड्रेनबॅक व्हॉल्व्ह (इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल परत ओघळू न देणारा) चांगला हवाच, तिथे पैसे वाचवू नका. थ्रेड, गॅस्केटचा व्यास, एक्झॉस्टपासून अंतर, सगळं मोजूनच घ्या. पाचपैकी चार स्टार.