पोट बिघडलंय, पण कुठल्या गोळीनं?

सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी सुरू झाल्याचा चौथा दिवस. सकाळची डोंबिवली लोकल, लेडीज डबा, आणि दिवा गेल्यावर तोंडात जे पाणी सुटायला लागलं ते थांबेचना. शेजारच्या बाईंनी आपल्या डब्याची प्लॅस्टिकची पिशवी रिकामी करून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "कितवा महिना?" मी मुंब्र्याला उतरले.

प्लॅटफॉर्मच्या बाकावर डोक्यात तीन विचार आले. गोळी बंद करावी. आठवडाभर सोसावं. नाहीतर स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून पित्ताचं काहीतरी घ्यावं. नुसतं डिप्रेशन असलेल्या माणसालाही हेच तीन विचार येतील. पण मला बायपोलर टाइप दोन आहे (कधी खोल उदासी, कधी अतिउत्साह; टाइप दोनमध्ये हा उत्साह टाइप एकपेक्षा सौम्य) आणि मूड स्थिर ठेवणारं लिथियम वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे प्रत्येक विचाराची किंमत वेगळी होती. ती मला त्या बाकावर माहीत नव्हती. मी डॉक्टर नाही. डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं, ते इथून सोबत न्या.

आधी गुन्हेगार शोधा

शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन डोक्यात नसून आतड्यात असतं. त्यामुळे सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांचा पहिला धक्का पोटालाच बसतो. मनाला आधार मिळायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र दुसऱ्या दिवशी हजर.

पण बायपोलरमध्ये ताटात एकच गोळी नसते. लिथियमनंही मळमळ आणि जुलाब होतात. मूड आवरायला देतात त्या व्हॅल्प्रोएटनं पोटात ढवळतं. क्वेटियापिननं बद्धकोष्ठ होतं. मी सगळं खापर नव्या गोळीवर फोडलं होतं. मग एका जुन्या वहीत चार रकाने आखले: कुठली गोळी किती वाजता, काय खाल्लं, पोटाला काय झालं, झोप किती तास. बारा दिवसांनी डॉक्टरांनी पान पाहिलं आणि पेनानं दोन वर्तुळं काढली. मळमळ सकाळच्या सर्ट्रालिननंतर तासाभरात येत होती. पातळ जुलाब मात्र पहाटे, म्हणजे रात्रीच्या लिथियमनंतर. त्याच महिन्यात हात थरथरतो म्हणून माझं साधं लिथियम बदलून एसआर केलं होतं, हे मी साफ विसरले होते. साध्या लिथियमनं रक्तात एकदम चढ येतो, त्यात मळमळ जास्त. एसआर हळूहळू सुटतं, आतड्यात खालपर्यंत जातं, त्यात जुलाब जास्त. एका पोटात दोन गुन्हेगार होते, आणि मी एकालाच फाशी द्यायला निघाले होते.

सोसणं

नुसती मळमळ असेल, अन्न-पाणी पोटात राहत असेल, तर माझं मत सोसण्याच्या बाजूनं आहे. बहुतेकांची मळमळ एक-दोन आठवड्यांत ओसरते. सोसायचं म्हणजे दात-ओठ खाऊन बसायचं नाही. निम्म्या डोसनं सुरुवात करून सावकाश वाढवता येतं, हे डॉक्टरांना थेट विचारा; घाई नसेल तर बरेच जण तयार होतात. गोळी रिकाम्या पोटी नको. माझ्या बाबतीत चहा-बिस्किटांवर घेतलेली गोळी आणि वाटीभर मऊ भात-मेतकुटावर घेतलेली गोळी यात जमीन-अस्मानाचा फरक होता. आल्याचा तुकडा चघळला तर बरं वाटतं.

सकाळी की रात्री, हा मात्र खरा पेच आहे. रात्री गोळी घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते, म्हणून तोच सल्ला सर्रास मिळतो. पण या गोळ्यांनी काहींची झोप उडते. इतरांसाठी ती एक वाईट रात्र. आपल्यासाठी तुटलेली झोप हे हाय फेजचं, म्हणजे अतिउत्साहाच्या काळाचं दार. मी तीन रात्री करून पाहिलं, वहीतला झोपेचा रकाना सातवरून पाचवर आला, आणि मी पुन्हा सकाळच्या मळमळीकडे परतले. ज्यांना गोळीनं उलट पेंग येते त्यांनी रात्र जरूर निवडावी. आणि झोप कमी होऊनही अंगात उत्साह मावत नसेल, बोलणं थांबत नसेल, खरेदी सुचत असेल, तर पोटाचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

जुलाबांचं तसं नाही. लिथियम चालू असेल तर जुलाब-उलट्या सोसायच्या नाहीतच. शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात. रक्तातली लिथियमची लेव्हल साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये राखतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका, म्हणजे जागा मुळातच अरुंद. चक्र असं चालतं: जुलाबांनी लिथियम वाढतं, आणि वाढलेलं लिथियम स्वतःच जुलाब-उलट्या घडवतं. हात बारीक थरथरण्याऐवजी जोरात हलायला लागला, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, गुंगी आली, की घरी वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा. दिवसभर जुलाब थांबत नसतील तर पुढची लिथियमची गोळी घ्यावी का, हे विचारूनच घ्या. मध्यंतरी ओआरएस घ्या, नुसत्या साध्या पाण्यावर भागवू नका. त्यातलं मीठ इथे कामाचं आहे. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात, म्हणून सकाळी लॅबमध्ये जाऊन आल्यावरच गोळी.

उपवासाचंही हेच गणित. हरतालिकेचा निर्जळी उपवास किंवा अळणी व्रत लिथियमवर करू नये. माझ्या आईला हे पटायला दोन वर्षं लागली.

गोळी बदलणं

चार आठवडे उलटूनही पोट जागेवर येत नसेल तर बदल विचारात घ्यावा. फक्त पोटापुरतं पाहिलं तर निवड सोपी दिसते. सर्ट्रालिन जुलाबांसाठी बदनाम आहे. त्यांचाच त्रास असेल तर एस्सिटालोप्राम बहुधा सौम्य पडतं, मळमळ मात्र त्यातही होते. पॅरोक्सेटिन उलट्या टोकाला: बद्धकोष्ठ, वजन, आणि सोडताना हाल. फ्लुओक्सेटिननं भूक मरते. मिर्टाझापिन मळमळ घडवणारा एक सेरोटोनिनचा मार्गच अडवतं, म्हणून पोटाला सगळ्यांत मवाळ. भूक लागते, झोप लागते. ब्युप्रोपिऑनचा सेरोटोनिनशी फारसा संबंध नाही, त्यामुळे जुलाब नाहीत, पण तोंड कोरडं, शौचाला खडा आणि झोपेचं वाटोळं. फिट्स येणाऱ्यांना तर ते देतच नाहीत.

आता याच यादीवर बायपोलरचा चष्मा चढवा. व्हेन्लाफॅक्सिन आणि अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी ट्रायसायक्लिक औषधं उदासीतून थेट मॅनियात, म्हणजे तीव्र हाय फेजमध्ये ढकलण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त बाळगतात. पोटाला सोसली तरी ती यादीत खाली. (व्हेन्लाफॅक्सिन पोटालाही काही धार्जिणं नाही, मळमळ भरपूर.) फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. सोडायला सोपं, हा एरवी गुण. पण हाय फेज सुरू झाली आणि गोळी बंद केली तरी ती लगेच बाहेर पडत नाही. मिर्टाझापिन ओलान्झापिन किंवा क्वेटियापिनसोबत आलं तर वजनाचा काटा किती सरकेल, हे आधी विचारा. माझ्यापुरतं सांगायचं तर बद्धकोष्ठ परवडलं, जुलाब नको. बद्धकोष्ठानं लिथियम हलत नाही.

पोटाची गोळी जोडणं

आपल्याकडे याला कुणी औषध मानतच नाही. "पित्ताची एक गोळी दे रे," की झालं. इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतात.

ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी वाढवतात, म्हणजे पोट शांत करायला घेतलेली गोळी पोट बिघडवणाऱ्या गोळीचा डोस चोरून वाढवते. पँटोप्राझोलचा हा उपद्रव कमी. पण मेडिकलवाले ज्या कॅप्सूल देतात त्यांत बऱ्याचदा डॉमपेरिडोन मिसळलेलं असतं. एस्सिटालोप्राम, डॉमपेरिडोन आणि उलटीसाठीचं ओन्डान्सेट्रॉन, तिघंही हृदयाच्या ठोक्यातला एक टप्पा लांबवू शकतात. एकत्र घ्यायचे असतील तर डॉक्टरांना माहीत हवं. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड अँटिसायकॉटिक औषध (क्वेटियापिन, ओलान्झापिनसारखं) घेणाऱ्यांना नको. मान किंवा जबडा आखडण्याची शक्यता वाढते.

खाण्याच्या सोड्याचं फसफसतं चूर्ण निरुपद्रवी वाटतं. त्यातला सोडियम बायकार्बोनेट रोज पोटात गेला तर लिथियम लघवीवाटे जास्त बाहेर पडतं आणि लेव्हल खाली येते. चहाचंही तसंच: दिवसाला पाच कप पिणाऱ्यानं पोट बिघडलं म्हणून चहा एकदम तोडला तर लिथियम वाढू शकतं. हळूहळू कमी करा.

बद्धकोष्ठाला इसबगोल चांगलं, भरपूर पाण्यासोबत, औषधांपासून दोन तास लांब. परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, एका रात्रीत नाही. एरंडेल किंवा सोनामुखीचा जोरदार रेच घेऊन आतडं धुऊन काढायची आपली जुनी हौस लिथियमवाल्यांनी सोडावी. तोही जुलाबच की.

एक गोष्ट तर दोन कारणांनी वर्ज्य. कंबर धरली म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलंत तर एकीकडे लिथियम वाढतं, दुसरीकडे सर्ट्रालिनच्या कुळातल्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर तो पित्ताचा प्रकार नव्हे. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यावं.

ही गोळी हवीच आहे का?

हा प्रश्न मी सगळ्यांत शेवटी विचारला, विचारायला हवा होता सगळ्यांत आधी. बायपोलरमध्ये डिप्रेशनच्या गोळीचा उपयोग हा डॉक्टरांमध्येही वादाचा विषय आहे. टाइप एकमध्ये तर लिथियमसारख्या मूड स्टॅबिलायझरशिवाय ती देऊच नये, यावर फारसं दुमत नाही. २००७ साली अमेरिकेतल्या स्टेप-बीडी अभ्यासाचे निष्कर्ष आले: मूड स्टॅबिलायझरसोबत पॅरोक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन घेणारे आणि सोबत खोटी गोळी घेणारे यांच्यात २६ आठवड्यांत सुधारणेचा फरक दिसला नाही. मॅनियाचं प्रमाणही वाढलं नव्हतं, हेही सांगायला हवं. काहींना या गोळीचा खरोखर उपयोग होतो. पण तुम्ही दोन महिने पोट जाळून घेताय आणि मन तिथल्या तिथेच आहे, तर पोटाचे उपाय तोलत बसण्याआधी ही गोळी तोला.

पर्याय आहेत, आणि त्यांचीही पोटं वेगवेगळी. क्वेटियापिननं तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, सकाळची गुंगी, पुढे साखर-वजन. ओलान्झापिन-फ्लुओक्सेटिनच्या जोडगोळीत मळमळ मागे पडते, भूक मात्र बेफाम. ल्युरासिडोन वजनाला बरं, मळमळ करतं, आणि किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घेतलं नाही तर पुरेसं अंगी लागत नाही. म्हणजे दोन पोळ्या, भाजी, आमटी, थोडा भात असं जेवण हवं. केळं आणि चहा चालणार नाही. ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही त्याला हे अवघडच. लॅमोट्रिजिन पोटाच्या बाबतीत यांत सगळ्यांत शहाणं. त्याची अडचण वेगळी: डोस आठवड्याआठवड्यानं मुंगीच्या पावलांनी वाढवावा लागतो, अंगावर पुरळ उठलं तर ताबडतोब दाखवायचं, आणि सलग काही दिवस चुकलं तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. महिना-दीड महिना धीर धरता येईल अशा उदासीला ते ठीक. जीव नकोसा झालाय अशा उदासीला इतका वेळ नसतो. तसं असेल तर डॉक्टर भेटेपर्यंत १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा, मराठीतही बोलतात.

मनानं बंद करणं

हा पर्याय मी त्या बाकावर निवडणार होते, म्हणून नोंदवते. चार दिवसांची गोळी थांबवल्यानं आभाळ कोसळलं नसतं. पण काही आठवडे घेतलेली गोळी, खास करून पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन, एकदम तोडली तर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, आणि गंमत म्हणजे तीच मळमळ परत. वर रागाच्या भरात लिथियमही सोडलं तर उलटून येणारी फेज पोटापेक्षा फार महाग पडते.

माझं काय झालं, तर लिथियम एसआरवरून पुन्हा साध्यावर, दोन वेळांत विभागून, जेवणानंतर. जुलाब आठवड्यात थांबले, थरथर थोडी परतली. सही वाकडी येते, बँकेत एकदा जुळली नाही. सर्ट्रालिन पोटाला तिसऱ्या आठवड्यात मानवलं. मनाला कितपत मानवलं ते वहीत दिसेना, म्हणून सात महिन्यांनी डोस उतरवत उतरवत सोडलं आणि लॅमोट्रिजिन आलं. यंदा हरतालिकेला आईनं सकाळीच तांब्याभर सरबत करून पुढ्यात ठेवलं. मी घोट घेतला तर ती म्हणाली, "मीठ दोनदा घातलंय, विचारून."