मृगाच्या गर्दीत बियाणं घ्यायचं तर: तालुक्याचं एक कृषी केंद्र (पाचपैकी साडेतीन)

दुकान इमानदार आहे. पक्कं बिल, त्यावर वाण, लॉट नंबर, मुदत सगळं लिहून देतात. छापील किमतीच्या वर एक रुपया नाही (2025 ला बीजी-2 या बीटी कपाशीच्या बियाण्याचं 475 ग्रॅमचं पाकीट 901 रुपये) आणि बियाण्यासोबत खताची लिंकिंग (खत घेतलं तरच बियाणं) गळ्यात मारत नाहीत. तरी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी इथं पऱ्हाटीचं (कपाशीचं) बियाणं घ्यायला जाऊ नका.

खिडकी एकच. समोर पन्नास-साठ माणसं, आणि वाणाचं नाव ओरडून सांगायचं. पुढच्या चौघांनी एकच नाव घेतलं की पाचव्यानं घरून वाण लिहून आणलेली चिठ्ठी खिशातच राहते. काउंटरवरचा पोरगा "दहाच बॅगा राहिल्या" म्हणाला की दोनच्या जागी चार घेतल्या जातात. वावर बरड (हलकं) की काळं, ओलिताचं की कोरडवाहू, हा घरी केलेला हिशेब त्या खिडकीशी मोडतो. आणि हे मोडणं महागात पडतं: बरड कोरडवाहू वावरात 180 दिवसांचं वाण लावलं तर बोंडं भरायच्या वेळी जमिनीत ओल नसते, वर पीक लांबलं की गुलाबी बोंडअळीला आयतं खाद्य. तिथं 150 दिवसांच्या आसपास निघणारं वाणच हवं.

शेतकऱ्याला कळत नाही म्हणून हे होतं, असं नाही. तेलंगणातल्या वारंगल भागात ग्लेन स्टोन या अभ्यासकानं हेच टिपलं, 2007 मध्ये छापलं: गावात एका वाणाची लाट येते, पुढच्या साली दुसऱ्याच, त्यामागे पिकाचा अनुभव थोडा, शेजाऱ्याकडे पाहणं जास्त. अकोल्यात 2024 च्या मे महिन्यात भर उन्हात एकाच वाणासाठी रांगा लागल्या, त्याही अशाच.

सोयाबीनच्या बाजूला मात्र हेच लोक शांत उभे दिसतात. दुकानदार दर लॉटचे 100 दाणे ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या रांगांत मांडतो, गुंडाळून सावलीत ठेवतो आणि सहा-सात दिवसांनी उघडून दारातच ठेवतो, प्रत्येकावर लॉटची चिठ्ठी. सत्तरच्या वर पांढरे कोंब मोजता आले तर लॉट चांगला. लोक खाली वाकून मोजतात. डोळ्यासमोर मोजण्यासारखं काही असलं की बाजूचा काय घेतो हे कोणी पाहत नाही. पऱ्हाटीच्या खिडकीवरही जमीन आणि दिवस लिहिलेला साधा फळा लावला तर अर्धा गोंधळ मिटेल.

तोवर दुपारी दोन ते चार जा, तेव्हा मालक स्वतः बसतो आणि जमीन विचारतो. सोबत असा एक माणूस न्या ज्याला तुमची चिठ्ठी माहीत आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांत, बाकी सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देत असताना एकानं जरी खरं उत्तर दिलं तरी बाकीच्यांच्या मागे जाणं एकदम कमी झालं होतं.

पाकीट खालून फोडा, वरचा टॅग शाबूत ठेवा. बिल, रिकामं पाकीट आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. उगवण फसली तर तक्रारीला हेच लागतं.