डिसइंटिग्रेट: विघटन लिहावं की दुसरं काही?

मराठी शाळेतून दहावी करून बेळगावच्या कॉलेजात सायन्सला किंवा फार्मसीला गेलेल्या मुलांना एक शब्द हमखास अडतो: डिसइंटिग्रेट. शब्दकोशात 'विघटन होणे' मिळतं. कन्नडमध्ये विचारलं तरी 'विघटने' हेच उत्तर येतं. दोन्ही भाषा एकच शब्द सांगतात म्हटल्यावर मूल निर्धास्त होतं आणि सगळीकडे विघटन लिहीत सुटतं. अनुवादाची कामं घेणारी मोठी माणसंही तेच करतात. मला हे खटकतं, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडपल्या जातात.

मूळ पाहू. लॅटिनमध्ये 'इंटिजर' म्हणजे अखंड, पुरा. गणितातला इंटिजर, आपला पूर्णांक, तोच. त्याच्या आधी 'डिस' लागलं की अखंडपण गेलं. माल तोच राहतो, एकसंधपणा जातो. डिकंपोजमध्ये मात्र मालच बदलतो: केळीची साल कुजते आणि तिचं खत होतं. मराठीत या दोन्हींना विघटन म्हणायची सवय पडली आहे.

याचा सगळ्यात मोठा घोटाळा प्लास्टिकच्या बाबतीत होतो. उन्हात पडलेली पिशवी वर्षभरात हाताला लागताच चुरा होते. हे डिसइंटिग्रेट. पण तो चुरा प्लास्टिकच असतो, तो मातीत जातो आणि मार्कंडेय नदीच्या पाण्यातही. 'पिशवीचे विघटन झाले' असं वाचणाऱ्याला वाटतं, चला, संपलं एकदाचं! म्हणून इथे 'चुरा झाला', 'तुकडे तुकडे झाले' असंच लिहा. वस्तूंच्या बाबतीत विघटन हा शब्द कुजण्यासाठी राखून ठेवा, ओल्या कचऱ्याला तो शोभतो. रसायनशास्त्रात एका संयुगाचे दोन पदार्थ होतात तेव्हा पुस्तकं 'अपघटन' म्हणतात, तो वेगळा शब्द तसाच पाळा.

फार्मसीच्या मुलांसाठी निवड आणखी नाजूक आहे. गोळी पाण्यात टाकली की आधी फुटून तिचे कण सुटे होतात, मग त्यातलं औषध पाण्यात उतरतं. पहिलं डिसइंटिग्रेशन, दुसरं डिसोल्यूशन, आणि दोन्हींच्या चाचण्या वेगवेगळ्या. वर लेप नसलेली साधी गोळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटांत सुटी व्हावी लागते. पहिल्या चाचणीला 'विरघळणे' लिहिलंत तर दुसरीला शब्दच उरत नाही. मी 'गोळी विखुरणे' निवडते.

किरणोत्सर्गात मात्र 'माल तोच राहतो की बदलतो' ही माझी कसोटी चालत नाही. तिथे डिसइंटिग्रेट होताना अणूचं केंद्रकच बदलतं. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला असा एक ऱ्हास. ऱ्हास किंवा क्षय, वर्गात जो रूढ असेल तो घ्या.

घरगुती वापरात मराठी इतकी श्रीमंत आहे की विघटनाकडे जायची गरजच नाही. दोरी तुटते, काठी मोडते, घागर फुटते, कापड विरतं, ढेकूळ भुगा होतं. कन्नडची पोरं यातल्या पहिल्या तीन जागी हरि, मुरि, ओडे म्हणतात, म्हणजे दोरी, काठी आणि घागर तीही वेगळी ठेवतात. दूध नासलं तर तिकडे 'हालु ओडेयितु' आणि इकडे 'दूध फुटलं', दोन्हीकडे घागरीचंच क्रियापद! खानापूरच्या पावसात मातीची भिंत पायाशी भिजते, विरघळते, खचते आणि शेवटी ढासळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात अशी किती घरं गेली! त्या बातमीत 'भिंतीचे विघटन' लिहिणं म्हणजे ज्याचं घर गेलं त्याची दखलच न घेणं. इथे 'ढासळली'च हवं.

आणि कोलंबिया यान? १ फेब्रुवारी २००३ ला परतताना ते वातावरणात डिसइंटिग्रेट झालं, कल्पना चावला त्यातच गेल्या. 'स्फोट झाला' लिहिणं चूक, कारण डाव्या पंखाच्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला आणि यानाचा एकेक भाग सुटत गेला. 'यानाच्या चिंधड्या झाल्या' हे त्या घटनेच्या जवळ जातं.

राज्यं आणि माणसं यांच्या बाबतीत आपल्या भागाला शब्दांची धार चांगली कळते. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये आतून उकलत गेला आणि १५ देश उरले. तिथे विघटन अगदी बरोबर, कारण ते कुणी आखून केलेलं नव्हतं. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यातून महाराष्ट्र आणि गुजरात झाले, ते कायद्याने केलेलं विभाजन. १९९७ मध्ये धारवाडमधून गदग आणि हावेरी जिल्हे निघाले, तेही विभाजनच. चिक्कोडी जिल्हा वेगळा करा म्हणणारेही विभाजनच मागतात. कुणी ठरवून रेघ ओढली असेल तर विभाजन, आतून सांधे निखळले असतील तर विघटन. पक्ष मात्र फुटतो. लग्न मोडतं. नातं तुटतं. यातलं एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, वाक्य लगेच परकं वाटतं.

परीक्षेच्या पेपरात वेळ नसेल तर विघटन लिहून पुढे जा, गुण जाणार नाहीत. पण वर्तमानपत्रासाठी, पंचायतीच्या सूचनेसाठी किंवा औषधाच्या माहितीपत्रकासाठी लिहीत असाल तर आधी पाहा, फुटल्यावर उरलेला तुकडा पहिल्या वस्तूचाच आहे का. असेल तर विघटन टाळा.