सेल्फ डिफेन्सचं वर्कशॉप केलं, त्यातला वकील मॅडमचा तास चुकवू नका

घराजवळच्या एका क्लासचं दोन रविवारचं वर्कशॉप मी आणि माझी कॉलेजला जाणारी लेक, दोघींनी केलं. शिकवणारे सर मस्त आहेत, मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन कसं सोडवायचं हे इतक्या वेळा करून घेतलं की सोमवारी कणीक मळताना हात ठणकत होता, पण आता ते अंगात बसलंय. कोपर, गुडघा वगैरे नेहमीचंच.

खरे पैसे वसूल झाले ते दुसऱ्या रविवारी. एक वकील मॅडम आल्या, सरांनाच चोर केलं आणि लेकीच्या गळ्यातली ओढणी चेन समजून ओढायला लावली. हिने पॅडवर दणादण मारलं, सरांनी ओढणी खाली टाकली, पळाले, तरी ही मागे धावून पाठीत हाणतेच आहे आणि आम्ही सगळ्या टाळ्या वाजवतोय. मॅडम म्हणाल्या, "थांब बाळा, चेन परत मिळाली आणि तो पाठ फिरवून पळाला, तिथे तुझा हक्क संपला. पुढचा फटका म्हणजे मारहाण." हॉल एकदम गप्प.

मग त्यांनी नीट समजावलं. खाजगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, त्यातलं ३७ सांगतं की बचावाला लागेल तेवढीच इजा करायची, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्कच नाही. समोरच्याचा जीव गेला तरी चालेल अशी परिस्थिती ३८ मध्ये, म्हणजे जिवाची किंवा जबर दुखापतीची खरी भीती, बलात्कार, पळवून नेणं, ॲसिड हल्ला (हे २०१३ साली कायद्यात आलं, नुसता प्रयत्न असला तरी धरतात). आधी मार खाल्लाच पाहिजे असंही नाही, धोक्याची वाजवी भीती पुरते.

लेकीने विचारलं, मी घाबरलेली असताना मोजून कशी मारणार? त्यावर मॅडमनी २०१० चा दर्शन सिंग विरुद्ध पंजाब सरकार हा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, की अशा वेळी माणसाने केलेला बचाव कोर्ट सोनाराच्या काट्यावर तोलत नाही. पण बचावासाठीच मारलं हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून लगेच ११२ ला फोन करा आणि अंगावरच्या खुणा डॉक्टरांना दाखवून नोंदवून घ्या. मला हे पन्नाशीला आल्यावर कळतंय!

तक्रारी दोनच, पण मोठ्या. वाटलेल्या कागदावर अजून जुन्या आयपीसीची (भारतीय दंड संहितेची) ९६ ते १०६ कलमं छापलेली, तिच्या जागी आलेली न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे हो! आणि तीन महिन्यांच्या रेग्युलर बॅचला हा तास ठेवतच नाहीत, विचारलं तर म्हणे मुलींना कंटाळा येतो. मारायला शिकवता मग कुठे थांबायचं तेही शिकवायलाच हवं ना, उद्या एखादी पोरगी त्या जास्तीच्या एका फटक्यापायी आरोपी झाली तर? मी क्लासला सांगून आलेय, तो तास घाला, मगच लेकीची पुढची फी भरते.